अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर, १८७३ – २० ऑक्टोबर, १९४७) हे इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ व कृषिसंशोधक होते. १९०५ ते १९३१ या काळात त्यांनी भारतात, प्रथम बिहारमधील पुसा येथे व नंतर होळकर संस्थानातील इंदूर येथे, संशोधन केले. सेंद्रिय शेतीच्या विचाराचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव जगभर घेतले जाते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ते मुख्यतः ‘इंदूर पद्धतीच्या’ कंपोस्ट खतामुळे परिचित आहेत. तथापि या खतापूर्वीची जवळजवळ वीस वर्षे हॉवर्ड, त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड आणि सहकारी अब्दुर रहमान खान यांनी भारतीय पिकांची फुले व त्यांवर येणारे कीटक यांचा अभ्यास करण्यात घालविली. तूर, करडई, ताग व अंबाडी ही त्यांच्या अभ्यासातील पिके आजही मराठवाड्याच्या, विशेषतः बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्याच्या शेतीत आढळतात. शेतातील झाड व शेताबाहेर राहणारा कीटक यांचा संबंध भारतात पद्धतशीरपणे मोजण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या कार्याची गणना होते. मराठीत त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

बालपण व शिक्षण

हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात बिशप्स कॅसल या गावी झाला. वडील रिचर्ड हॉवर्ड शेतकरी होते. शेतकऱ्याच्या घरातील हे बालपण त्यांच्या पुढील मतांच्या मुळाशी आहे. प्रयोगशाळेत बसून शेतीविषयी सांगणाऱ्यांबद्दल त्यांना आयुष्यभर अढी राहिली, तिचे कारण बहुधा हेच असावे. रेकिन कॉलेज, लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. निसर्गविज्ञानाची पदवी व शेतीची पदविका त्यांनी मिळविली.

१८९९ मध्ये वेस्ट इंडीजच्या कृषी खात्यात कवकशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. बार्बाडोस बेटावर उसावरील रोगांचा अभ्यास करताना आपण रोग ओळखतो, नावे देतो, परंतु स्वतः एकही पीक काढत नाही, ही जाणीव त्यांना बोचू लागली. १९०२ मध्ये ते तेथून परतले.

हॉपच्या बागांतील प्रयोग

१९०३ ते १९०५ या काळात हॉवर्ड इंग्लंडच्या केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हॉप ही बिअरला कडवट चव आणणारी वेल तेथील प्रमुख पीक होते. या वेलीत नर व मादी झाडे वेगवेगळी असतात आणि उत्पन्न मिळते ते मादी वेलीपासून. त्यामुळे नर वेली निरुपयोगी समजून बागांतून काढून टाकण्याकडे बागायतदारांचा कल होता. हॉवर्ड यांनी नर वेली पुन्हा लावून मादी फुलांना पराग मिळू दिला. परागण झालेल्या वेलींची वाढ जोमाने झाली, त्या लवकर तयार झाल्या आणि कीड व भुरी यांना अधिक समर्थपणे तोंड देऊ लागल्या, असे त्यांना आढळले.

हॉपचे परागण वाऱ्याने होते. कीटकांचा तेथे संबंध नव्हता. तरीही या प्रयोगाचे महत्त्व त्यांच्या चरित्रात मोठे आहे. शेतीच्या सोयीसाठी निसर्गातील एक दुवा काढून टाकला की त्याची किंमत दुसरीकडे कोठेतरी मोजावी लागते, हा विचार त्यांना प्रथम येथे सुचला आणि पुढे चाळीस वर्षे तो त्यांच्या लेखनात वेगवेगळ्या रूपांत येत राहिला.

पुसा येथील नेमणूक

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, अमेरिकन दानशूर हेन्री फिप्स यांच्या देणगीतून, बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. १९०५ मध्ये हॉवर्ड यांची तेथे ‘इम्पिरिअल इकॉनॉमिक बोटॅनिस्ट’ या पदावर नियुक्ती झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी मुंबईत त्यांचा विवाह झाला.

गॅब्रिएल (१८७६–१९३०) या स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. तापमान व प्रकाशसंश्लेषण यांच्या संबंधावरील त्यांचे संशोधन विवाहापूर्वीच मान्यता पावले होते. पुशात आरंभीची वर्षे त्यांनी अधिकृत पदाविना काम केले. १९१० मध्ये त्यांना पतीच्या साहाय्यक म्हणून आणि १९१३ मध्ये दुसऱ्या इम्पिरिअल इकॉनॉमिक बोटॅनिस्ट म्हणून नेमण्यात आले. त्याच वर्षी कैसर-ए-हिंद सुवर्णपदकाने त्यांचा गौरव झाला. पुशातील बहुतेक प्रबंधांवर दोघांची नावे आहेत. ‘हॉवर्ड यांचे संशोधन’ असे एकवचनी म्हणण्याची प्रथा त्यामुळे अपुरी ठरते. या लेखातही पुसा काळाविषयी जे लिहिले आहे ते दोघांचे समजावे.

पुशात हॉवर्ड यांना स्वतःच्या मर्जीप्रमाणे पिके घेण्यास सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. बार्बाडोसमध्ये जे साधले नव्हते ते येथे साधले. भोवतालच्या गावांतील शेतकरी औषधे न वापरता, मिश्र पिके घेऊन बऱ्यापैकी निरोगी पीक काढतात हे पाहून त्यांनी त्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानले. पिकावर येणाऱ्या किडींनाही ते गुरूच म्हणत. कीड ही चुकलेल्या शेतीची सूचना देते, असे त्यांचे मत होते.

फुले व कीटक यांचा अभ्यास

हॉवर्ड दांपत्यापुढील मुख्य काम पिकांचे वाण सुधारण्याचे होते. त्या काळी भारतातील कोणत्याही शेतात एकच वाण सहसा नसे. एकाच शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा फुलणारी, पांढऱ्या-तांबड्या दाण्यांची झाडे एकत्र वाढत. त्यांतून चांगले झाड निवडावे, त्याचे बी वेगळे पेरावे आणि पुढच्या पिढ्या पारखून घ्याव्यात, ही निवडीची रीत होती. परंतु ही रीत सफल होण्यास एक अट होती. निवडलेल्या झाडाचे बी त्याच झाडाच्या परागापासून तयार झालेले असले पाहिजे. शेजारच्या झाडावरून माशीने पराग आणला असेल तर निवड केवळ आईची झाली आणि बाप अज्ञातच राहिला, असा प्रकार होई.

म्हणून प्रत्येक पिकाचे फूल केव्हा उमलते, परागकोश कळीत फुटतात की उमलल्यावर, कुक्षी पराग स्वीकारण्यास केव्हा तयार होते, फुलावर कोण येते आणि झाकून ठेवलेल्या फुलाला बी धरते की नाही, हे पाहणे भाग होते. काही फुलोरे मलमलीच्या पिशव्यांत बांधून ठेवीत, काही उघडे ठेवीत. मग एकेका झाडाचे बी स्वतंत्र ओळीत पेरून त्या ओळीत परकी झाडे किती निघतात ते मोजीत. या कामाला साधने फारशी लागत नाहीत. ऋतूमागून ऋतू शेतात उभे राहण्याची तयारी मात्र लागते. हे काम करणाऱ्यांत अब्दुर रहमान खान यांचा वाटा मोठा होता आणि हॉवर्ड दांपत्याने सहलेखक म्हणून त्यांचे नाव दिले. भारतीय साहाय्यकांची नावे प्रबंधांवर न येणे हीच त्या काळातील रूढी असल्यामुळे ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

या अभ्यासाचे पहिले मोठे फलित १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. नैसर्गिक परपरागणाचे भारतातील आर्थिक महत्त्व हा त्या प्रबंधाचा विषय होता. त्याच सुमारास तागाच्या दोन वाणांवर, १९११ मध्ये अंबाडी व लाल अंबाडीच्या वाणांवर, पुढे करडई व मोहरीवर आणि हरभऱ्यावर त्यांचे स्वतंत्र प्रबंध आले. १९१९ मध्ये भारतीय पिकांच्या परागणावरील प्रबंध प्रसिद्ध झाला.

या प्रबंधांतून दिसणारे चित्र तोवरच्या समजुतीपेक्षा गुंतागुंतीचे होते. युरोपात एखादे पीक स्वपरागित असेल तर ते भारतातही तसेच वागेल, असे धरून चालता येत नव्हते. गहू हे जवळजवळ पूर्णपणे स्वपरागित पीक मानले जाई. भारतात त्यातही अधूनमधून संकर होतो, हे हॉवर्ड यांनी दाखविले. एकाच पिकात परपरागणाचे प्रमाण प्रदेशाप्रमाणे व हवामानाप्रमाणे बदलते, ही गोष्ट यातून पुढे आली.

ताग व तूर

या अभ्यासातील दोन पिके परस्परांशी ताडून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही शेंगवर्गीय, दोन्हींची फुले पिवळी आणि फुलपाखरी आकाराची.

तागाच्या फुलात पुंकेसर व कुक्षी नौकेच्या आकाराच्या जोड पाकळ्यांत बंद असतात. फुलात स्वतःचा पराग असतो, तो कुक्षीपाशी पोहोचतोही. परंतु तेवढ्याने बी धरत नाही. कुक्षीचा पृष्ठभाग घासला जावा लागतो. वजनदार माशी किंवा भुंगा फुलावर बसला, त्याने पाकळ्या खाली दाबल्या आणि कुक्षी त्याच्या अंगावर घासली गेली, तरच परागण सफल होते. लहान, हलक्या कीटकांना हे साधत नाही. काळा भुंगा व पाने कापून घरटे बांधणाऱ्या एकाकी माश्या हे तागाचे खरे सोबती होत. फुलोरा झाकून ठेवला तर तो बहुतांशी वांझ राहतो.

तुरीचे तसे नाही. तिचे परागकोश फूल उमलण्यापूर्वी, कळीतच फुटतात. पिशवीत बांधलेल्या तुरीलाही शेंगा लागतात. यावरून तूर स्वपरागित आहे असा निष्कर्ष सहज निघाला असता. परंतु उघड्या शेतातील तुरीच्या बियांपासून वाढविलेल्या ओळींत परकी झाडे निघत होती. पुशात हे प्रमाण सुमारे १४ टक्के आढळले. म्हणजे तूर स्वतःपुरती समर्थ असूनही माशी आली की ती परका पराग स्वीकारते. शेतकऱ्याने घरचे बी राखले तरी चार-पाच वर्षांत वाण का ‘फाटतो’, याचे उत्तर या आकड्यात होते.

पुढे हाच प्रश्न महाराष्ट्रातही तपासला गेला. नागपूर येथे १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुरीतील परपरागण सरासरी सुमारे २५ टक्के आढळले, तर निफाड येथे ते सुमारे १६ टक्के होते. पीक एकच असूनही गावागणिक आकडा वेगळा येतो, कारण शेताभोवती कोणत्या माश्या राहतात, किती राहतात आणि तूर फुलते तेव्हा दुसरे काय फुललेले असते, यांवर तो अवलंबून असतो. फुलाची रचना झाडाकडून येते, परंतु संकराचे प्रमाण परिसर ठरवितो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हॉवर्ड यांचा हा अभ्यास कीटकांच्या संरक्षणासाठी नव्हता. शुद्ध बियाणे तयार करणाऱ्याच्या दृष्टीने माशी ही अडचण होती. तिला दूर कसे ठेवावे, दोन वाणांत किती अंतर राखावे, हे त्यांना शोधायचे होते. अलीकडे काही लेखनात त्यांना परागवाहकांच्या रक्षणाचे प्रणेते ठरविले जाते, ते ओढूनताणून वाटते. त्यांनी नाते मोजले. त्या नात्याला जपण्याचा प्रश्न त्यांच्या पिढीपुढे अद्याप उभा राहिलेला नव्हता.

पुशातील अन्य कार्यापैकी ‘पुसा ४’ व ‘पुसा १२’ हे गव्हाचे वाण सर्वांत प्रसिद्ध झाले. १९१० पासून उन्हाळ्यात हॉवर्ड दांपत्य क्वेट्टा येथील फळप्रयोग केंद्राचे काम पाहत असे. १९१४ मध्ये हॉवर्ड यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. १९२६ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

इंदूर

पुशात प्रत्येक शास्त्रज्ञ आपल्या शाखेच्या कुंपणात काम करी. वनस्पतीचा अभ्यास एकाकडे, कीटकांचा दुसऱ्याकडे, मातीचा तिसऱ्याकडे. फुलाचा अभ्यास करणाऱ्याला माशीकडे पाहिल्यावाचून आणि मुळांचा अभ्यास करणाऱ्याला मातीकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते, हे हॉवर्ड यांना अनुभवाने पटले होते. त्यामुळे स्वतंत्र संस्थेसाठी त्यांनी प्रयत्न केले. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांच्या साहाय्याने १९२४ मध्ये इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ स्थापन झाली. जमीन होळकर दरबाराने दिली. हॉवर्ड तिचे पहिले संचालक झाले.

माळव्याची काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा हे सारे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला परक्याचे वाटू नये. येथेच शेतातील काडीकचरा, जनावरांचे शेण व मूत्रमिश्रित माती यांचे थर रचून, ठरावीक वेळी वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविण्यात आली. या कामातील त्यांचे प्रमुख सहकारी यशवंत वाड हे होते. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. या रीतीला हॉवर्ड यांनी स्वतःचे नाव न देता इंदूरचे नाव दिले. १९३५ मध्ये महात्मा गांधी यांनी या संस्थेस भेट दिली आणि ‘हरिजन’मधून या खताचा प्रसार केला. संस्थेच्या आवारात पुढे कृषी महाविद्यालय सुरू झाले.

१९३० मध्ये जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढील वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ यांच्याशी त्यांनी विवाह केला. हॉवर्ड यांच्या भारतातील कार्याचा वृत्तान्त लुईझ यांनीच पुढे, १९५३ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

वन व शेत

१९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९४० मध्ये ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ शेतापासून होत नाही, वनापासून होतो. वनात कोणी नांगरत नाही, खत घालत नाही, औषध फवारत नाही. तरी ते शतकानुशतके टिकते. तेथे एकाच जातीची झाडे पसरलेली नसतात. वृक्ष, झुडपे, वेली व गवत एकमेकांच्या आधाराने असतात. जमीन कधी उघडी पडत नाही. वनस्पतींबरोबर प्राणी असतातच. गळलेले पान जमिनीतच कुजते आणि पुन्हा झाडाकडे जाते. शेतीने हाच कित्ता गिरवावा, असे हॉवर्ड यांचे प्रतिपादन होते.

परागण हा या ग्रंथाचा मुख्य विषय नाही. हॉवर्ड यांचे लक्ष मातीवर, ह्यूमसवर आणि मुळांबरोबर राहणाऱ्या कवकांवर होते. मात्र त्यांनी वनाची जी लक्षणे सांगितली, त्यांवरून वनातील व शेतातील कीटकांच्या जीवनातील भेद सहज उलगडतो. वनात अनेक जाती असल्याने एकीचा बहर ओसरला की दुसरीचा येतो आणि माश्यांना वर्षातील बराच काळ पराग व मकरंद मिळत राहतो. वाळलेल्या खोडात भुंग्याला बीळ कोरता येते, न नांगरलेल्या जमिनीत एकाकी माश्यांना घरटे करता येते, कड्यांवर आग्या मोहोळ बसते. शेतात याच्या उलट घडते. शेकडो एकर तूर एकाच सुमारास फुलते. त्या काही आठवड्यांत खाद्याची चंगळ असते आणि नंतर काहीच उरत नाही. नांगरटीमुळे जमिनीतील घरटी मोडतात. म्हणून शेतातील फुलांना भेट देणाऱ्या कीटकांपैकी पुष्कळसे शेतात राहणारे नसतात. ते बांधावरून, ओढ्याकाठच्या झुडपांतून किंवा डोंगरातून येतात.

हॉवर्ड यांच्या पूर्वार्धातील व उत्तरार्धातील विचारांत एक ताण आहे. पूर्वार्धात त्यांनी शेतातील मिश्र वाणांतून शुद्ध, एकसारखे वाण निवडले. उत्तरार्धात वनातील मिश्रतेची थोरवी सांगितली. त्यांच्या चरित्रकारांनी या दोन टप्प्यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला आहे. वाण शुद्ध असावा आणि परिसर मिश्र असावा, असा मेळ घालता येतो. पण तो हॉवर्ड यांनी स्वतः सविस्तर घालून दिलेला नाही.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर हॉवर्ड यांनी चहा, कॉफी व ऊस यांच्या मळ्यांत कंपोस्टचा प्रसार केला. रासायनिक खतांच्या समर्थकांशी त्यांचे तीव्र वाद झाले. त्यांची भाषा अनेकदा कठोर असे व विरोधकांचे म्हणणे ते पुरेसे ऐकून घेत नसत, हेही मान्य केले पाहिजे. मातीच्या आरोग्यावरून पिकांचे, जनावरांचे व माणसांचे सर्व रोग स्पष्ट करण्याकडे त्यांचा कल होता. त्यातील बराच भाग प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी त्यांच्या विचारांवर आधारित मासिक १९४२ मध्ये सुरू केले. इंग्लंडमध्ये ईव्ह बॅल्फोर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली, परंतु हॉवर्ड तिच्यापासून दूर राहिले. २० ऑक्टोबर, १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यानंतर दोन महिन्यांनी, त्यांचे लंडनमध्ये निधन झाले.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

हॉवर्ड यांचा बीड जिल्ह्याशी प्रत्यक्ष संबंध आला नाही. त्यांच्या काळी हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तरीही त्यांनी अभ्यासलेल्या पिकांची व वन-शेतीच्या भेदाची साक्ष येथे चांगली मिळते. जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटची रांग जाते. उत्तरेकडे गोदावरीकाठची सखल काळी जमीन आणि घाटमाथ्यावर पाटोदा, आष्टी, धारूर, अंबाजोगाई या भागांतील उथळ, मुरमाड जमीन अशी विभागणी आहे. वनाखालील क्षेत्र अल्प असून ते बहुतेक डोंगरउतारावरील विरळ, काटेरी व पानझडी झाडीचे आहे. शेत आणि झाडी यांमधील अंतर गावागणिक बदलते.

तूर येथे बाजरी, सोयाबीन किंवा कापसात ओळी टाकून घेतली जाते. ज्वारीच्या शेताला कडेने करडई पेरण्याची रीत जुनी आहे. तिच्या काट्यांमुळे जनावरे आत शिरत नाहीत. करडईच्या फुलात कुक्षीवृंत परागकोशांच्या नळीतून वर येताना स्वतःचाच पराग घेऊन येतो. त्यामुळे तिला माशीवाचून बी धरते, परंतु माश्या आल्या की परपरागणही होते. अंबाडी ज्वारीबरोबर, भाजीपुरती व वाखापुरती, पेरली जाई. ताग आता धाग्यासाठी क्वचितच घेतला जातो. तो हिरवळीच्या खतासाठी फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास गाडला जात असल्याने मोठ्या माश्यांना त्याचा उपयोग होत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या तागाला मात्र त्यांच्यावाचून शेंगा लागत नाहीत.

डोंगरातील सीताफळ हे वनाच्या बाजूचे ठळक उदाहरण होय. मूळ अमेरिकेतील असलेले हे झाड बालाघाटच्या उतारांवर इतके रुळले आहे की ते रानचेच वाटते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे फूल आधी मादी अवस्थेत असते व नंतर नर अवस्थेत जाते, त्यामुळे एकाच फुलात परागण जवळजवळ होत नाही. जाड, पुरत्या न उघडणाऱ्या पाकळ्यांत मधमाशी शिरत नाही. कुजक्या फळांवर व पालापाचोळ्यात वाढणारे बारीक भुंगेरे आत शिरतात व पराग नेतात. म्हणून झाडाखालील पाचोळा साफ केलेल्या, स्वच्छ नांगरलेल्या बागेत फुले भरपूर येऊनही फळे थोडी धरण्याची शक्यता असते. अशा बागांत हाताने परागण करण्याची शिफारस केली जाते. पाचोळा जमिनीवर राहू द्यावा असे हॉवर्ड मातीसाठी सांगत. सीताफळाच्या बाबतीत तोच पाचोळा परागवाहकाचेही घर असतो.

तुरीच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. फुलोऱ्याच्या वेळीच शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव होतो आणि त्याच वेळी फवारणी होते. माश्या तुरीच्या फुलांवर दिवसा, उन्हाच्या वेळी येतात. म्हणून फवारणी आवश्यकच असेल तर ती सायंकाळी करावी, असा सल्ला दिला जातो. बांध पेटवून साफ करण्याच्या प्रथेत भुंग्यांची वाळल्या लाकडातील घरटीही जळतात. बोर, बाभूळ, तरवड, करंज यांसारखी बांधावरील झाडे-झुडपे वेगवेगळ्या महिन्यांत फुलतात आणि तूर नसते त्या काळात माश्यांना तगवितात.

तुरीतील ज्या नैसर्गिक परपरागणाला हॉवर्ड यांनी वाणाच्या शुद्धतेतील अडथळा म्हणून मोजले, त्याचाच आधार घेऊन पुढे संकरित तूर तयार करण्यात आली. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत विकसित झालेला ‘आयसीपीएच ८’ हा जगातील पहिला संकरित तुरीचा वाण १९९१ मध्ये प्रसारित झाला. त्याच्या बीजोत्पादनात मादी ओळींतील झाडे पराग निर्माण न करणारी असतात. परंतु त्या ओळींत पराग असणारी झाडेही निघत आणि ती फुलोऱ्यावर येताच उपटून काढावी लागत. या मजुरीमुळे ते बियाणे महाग पडले व फारसे पसरले नाही. ही अडचण दूर करणाऱ्या पद्धतीचे वाण त्यानंतर आले. दोन्ही पद्धतींत नर ओळीतील पराग मादी ओळीत नेण्याचे काम माश्यांनाच करावे लागते. त्यामुळे अशा बीजोत्पादनासाठी शेत निवडताना इतर तुरीपासूनचे अंतर पाहिले जाते, तसेच जवळपास झाडी व माश्यांची वस्ती आहे की नाही, हेही पाहिले जाते.